फोनला महिनाभर आधी काय कळलं होतं? बोस्टन, बेंगळुरू आणि भोपाळचं एक प्रकरण

स्किझोफ्रेनियाचा पेशंट दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा ॲडमिट होतो, तेव्हा वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेले आईवडील एक ठरलेलं वाक्य बोलतात. "आता आठवतंय, महिनाभर आधीपासूनच त्याचं काहीतरी बिनसलं होतं." मग एकेक तपशील निघू लागतो. झोप कमी झाली होती. जेवणाचं ताट खोलीत मागवायचा. दाढी वाढली होती. शेजारचे मुद्दाम टीव्ही मोठा लावतात, असं एकदा म्हणाला होता. पण ते खरंच मोठा लावतात, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. गोळ्यांची पाकिटं गादीखाली सापडली, तीही आज सकाळी दवाखान्याची पिशवी भरताना.

डॉक्टर हे सगळं लिहून घेतात. केसपेपरवर त्याची पूर्वलक्षणं होतात. घरात मात्र ती तशी दिसलेलीच नसतात, कारण त्या त्या दिवशी प्रत्येक गोष्टीला एक साधं कारण हाताशी होतं. उकाडा होता, रात्री उशिरापर्यंत मॅच होती, बहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं.

हा निसटून जाणारा महिना माणसाच्या खिशातल्या फोनला पकडता येईल का, हे पाहण्याचा एक प्रयत्न बोस्टन, बेंगळुरू आणि भोपाळ या तीन शहरांत झाला. त्याचे निष्कर्ष २०२३ साली 'स्किझोफ्रेनिया' याच नावाच्या शोधपत्रिकेत छापून आले. सायकोसिस, म्हणजे भास-भ्रमांमुळे वास्तवाशी असलेला धागा तुटणं (स्किझोफ्रेनियात हेच होतं), वेळेत ओळखण्यासाठी ॲप वापरण्याबद्दल हल्ली उत्साहानं बरंच बोललं जातं. त्या सगळ्या गर्दीत हे एक प्रकरण मला नीट उलगडून पाहावंसं वाटतं. त्यात जे जमलं तेही मोलाचं आहे, आणि जे जमलं म्हणता येत नाही ते तर त्याहून.

तीन शहरं, एक ॲप

ॲपचं नाव माइंडलॅम्प. बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटरमध्ये डॉ. जॉन टोरस यांचा डिजिटल सायकायट्रीचा विभाग आहे, तिथं ते तयार झालं. त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. कुठल्याही देशातली संस्था तो घेऊन आपल्या गरजेप्रमाणे बदलू शकते. भारतात बेंगळुरूला निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आणि भोपाळला 'संगत' ही मानसिक आरोग्यावर काम करणारी स्वयंसेवी संस्था, अशा दोन संस्था यात उतरल्या. संगत मूळची गोव्याची. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ती १९९६ साली सुरू केली. पैसा ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचा होता.

ज्यांना स्किझोफ्रेनिया आहे अशा लोकांनी हे ॲप जास्तीत जास्त वर्षभर आपल्या फोनमध्ये ठेवायचं, एवढीच मागणी होती. ॲप दोन रस्त्यांनी माहिती गोळा करतं. एक रस्ता विचारण्याचा: झोप कशी लागली, मन कसं आहे, कुणी आपल्या वाईटावर आहे असं वाटतंय का, आवाज ऐकू येतात का, अशा छोट्या प्रश्नावल्या. दुसरा रस्ता न विचारता. फोन दिवसभरात कुठं कुठं गेला, किती हलला, त्याचा पडदा केव्हा उजळला आणि किती वेळ उजळलेला राहिला. बोलणं ऐकणं, मेसेज वाचणं असलं काही नाही. ठिकाण, हालचाल आणि पडदा, एवढंच.

एवढ्याशा मालमसाल्यातून काय कळणार, असं वाटेल. पण पहाटे साडेतीनला पडदा उजळतोय, दिवसभर फोन घरातल्या एकाच कोपऱ्यात पडून आहे, मंगळवारचा बाजार सलग तीन आठवडे चुकलाय, हे सगळं त्यात उमटतं. यातली कुठलीही एक गोष्ट म्हणजे आजार नव्हे. म्हणून या नोंदींतून धोका हेरणारं गणिती मॉडेल बांधणाऱ्यांनी एक शहाणपणाचा निर्णय घेतला: माणसाची तुलना इतर माणसांशी करायची नाही, त्याच्या स्वतःच्या आधीच्या दिवसांशी करायची. रोज रात्री दोनला झोपणाऱ्याचं दोनला झोपणं बिनधोक; दहाला झोपणारा दोनपर्यंत जागला तर ती नोंद. अशा नेहमीच्या चालीत न बसणाऱ्या दिवसांना ते विसंगती म्हणतात. या विसंगती केव्हा दाटून येतात, एवढंच पाहायचं.

खरं तर ही कल्पना फोनच्या आधीची आहे. इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ मॅक्स बर्चवूड यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८९ साली पूर्वलक्षणांवर पाळत ठेवण्याची एक कागदी पद्धत मांडली होती. पेशंट आणि घरचे, दोघांकडून ठरावीक दिवसांनी फॉर्म भरून घ्यायचे. आजार उलटण्याआधी, म्हणजे शांत झालेला आजार परत उसळण्याआधी, प्रत्येकाची लक्षणं एका ठरावीक क्रमानं, जणू त्याच्या सहीसारखी येतात, असं त्यामागचं निरीक्षण होतं. एकाची सही चिडचिडीनं सुरू होते, दुसऱ्याची देवपूजा अचानक वाढल्यानं, तिसऱ्याची पैसे उडवल्यानं. फॉर्मची अडचण एकच, आणि ती मोठी: ज्या आठवड्यात माणूस बिघडतो, त्याच आठवड्यात तो फॉर्म भरायचा राहतो.

फोनमुळे हा प्रश्न निम्मा तरी सुटल्यासारखा वाटतो. हार्वर्डच्या जुक्का-पेक्का ऑनेला यांच्या गटानं बोस्टनमध्येच २०१८ साली एक छोटा अभ्यास छापला होता. सतरा पेशंट, तीन महिने, बीवे नावाचं ॲप. आजार उलटण्याआधीच्या दोन आठवड्यांत विसंगतींचं प्रमाण एरवीपेक्षा ७१ टक्के जास्त निघालं. सतरा माणसांच्या आकड्यावर घर बांधता येत नाही, पण पाया खणून बघावा एवढं ते पुरेसं होतं. तीन शहरांचा अभ्यास त्याच रस्त्यावरचा, मोठ्या पल्ल्याचा.

आकडा काय निघाला

आजार उलटण्याआधीच्या महिन्यात विसंगती एरवीच्या २.१२ पट होत्या. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही महिने धरले, तर २.७८ पट. नुसत्या प्रश्नावल्यांवर चालणाऱ्या मॉडेलपेक्षा न विचारता मिळालेली माहिती धरणारं मॉडेल सरस ठरलं.

म्हणजे बाकावरच्या आईला मागाहून जे आठवतं, त्याचा माग फोनमध्ये खरोखर राहिलेला होता. एका खंडातल्या श्रीमंत शहरात आणि दुसऱ्या खंडातल्या दोन अगदी वेगळ्या शहरांत मिळून हे दिसलं, ही लहान गोष्ट नव्हे. त्यात काळ कोविडचा. माणसं घराबाहेर पडत नसताना 'घरात किती वेळ' हा आकडा जवळपास निकामी होतो. २५ मार्च २०२० नंतर भारतातला प्रत्येक जण फोनच्या नजरेतून घरकोंबडाच झाला होता. तरीही माग लागला.

या मॉडेलमधली एक गोष्ट मला फार आवडली. त्यांनी माहितीच्या दर्जालाही माहिती मानलं. नोंदी नीट येतायत की मध्येच गायब होतायत, हेही मॉडेलला सांगितलं. अशा अभ्यासात एरवी रिकामी जागा म्हणजे डोकेदुखी. ती कशीबशी भरून काढायची नाहीतर तो माणूस हिशेबातून वगळायचा. पण फोन बंद ठेवणं, ॲप काढून टाकणं, चार दिवस उत्तरच न देणं, हे या आजारात बोलकं असू शकतं. आपल्यावर कुणीतरी नजर ठेवतंय असं वाटू लागलेला माणूस पहिल्यांदा काय करेल? फोनच बंद करेल. आणि या एका बाबतीत त्याचं चुकलं असंही म्हणता येत नाही. नजर ठेवली जात होतीच.

तरी हा आकडा भारतात वाचताना थोडं थांबावं लागतं. समजा, हेच ॲप सोलापूर किंवा जालना जिल्ह्यातल्या एका तरुण शेतकऱ्याच्या फोनमध्ये आहे. शेतीपंपाची वीज या आठवड्यात रात्रपाळीला आहे. तो रात्री एकला उठतो, बॅटरी घेऊन विहिरीवर जातो, दोन तास पाणी देतो, पहाटे परततो आणि दिवसा झोपतो. फोनला दिसतं: झोप उडाली, रात्रीची भटकंती सुरू झाली, दिवसाचं चक्र उलटं फिरलं. पुस्तकात लिहिलेली सगळी पूर्वलक्षणं एका झटक्यात. पुढच्या आठवड्यात वीज दिवसा आली की तो आपोआप बरा! गणपतीचे दहा दिवस, वारी, ऊसतोडीचा हंगाम, बारावीची परीक्षा, घरातलं बाळंतपण, आपल्याकडच्या वर्षात नेहमीची चाल मोडणारे दिवस इतके असतात, की नेहमीचं म्हणजे काय हेच आधी शिकवावं लागेल. स्वतःच्या कालशी तुलना हे तत्त्व बरोबरच आहे. पण माणसाचा काल बऱ्याचदा महावितरणच्या वेळापत्रकावर ठरतो.

मागाहून

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा शब्द शोधनिबंधाच्या सारांशातच आहे, आणि तो सहज नजरेतून सुटतो. गोळा झालेली माहिती मॉडेलला मागाहून दिली होती. म्हणजे भोपाळमधल्या एखाद्या पेशंटच्या विसंगती वाढत होत्या, तेव्हा त्या कुणाच्या पडद्यावर लाल होऊन चमकल्या नाहीत. कुणी फोन केला नाही. वर्ष संपल्यावर आकडे मांडले, आणि त्या महिन्यात काहीतरी दिसत होतं हे तेव्हा कळलं.

म्हणजे वॉर्डाबाहेरच्या बाकावर जे होतं तेच इथंही झालं, फक्त नेमकेपणानं. यात अभ्यासाचा दोष नाही. आधी माग लागतो का हे बघायचं आणि मगच त्यावर कुणाला पळवायचं, हाच बरोबर क्रम. दोष आहे तो या आकड्यावरून "ॲपनं महिनाभर आधी आजार ओळखला" असे मथळे करणाऱ्यांचा. मागं वळून बघताना कुठला महिना बघायचा, हे आधीच माहीत असतं. पुढं बघताना सगळे महिने सारखेच दिसतात.

एक ढोबळ हिशेब मांडून बघा. आकडे माझे आहेत, समजण्यापुरते. शंभर पेशंट वर्षभर ॲप वापरतायत आणि त्यातल्या पंचविसांचा आजार वर्षात एकदा उलटतो. शंभर जणांचे मिळून बाराशे महिने. त्यातले पंचवीस महिने धोक्याचे, उरलेले ११७५ शांत. समजा, शांत महिन्यांपैकी दहा टक्क्यांत ॲप गजर करतं. धोक्याच्या महिन्यात त्याच्या २.१२ पट, म्हणजे एकवीस टक्क्यांत. तर खरे गजर झाले पाच. खोटे गजर झाले सुमारे ११८. चोवीस-पंचवीस वेळा घंटा वाजली, तर एकदा आग. आणि पंचवीस आगींपैकी वीस वेळा घंटा वाजलीच नाही.

प्रत्यक्षातलं गणित याहून बारीक असतं, हे मान्य. विसंगती दिवसागणिक मोजतात, उंबरठा खालीवर करता येतो. पण हिशेबाची जात बदलत नाही. क्वचित घडणाऱ्या गोष्टीचा माग काढताना दुप्पट हा आकडा ऐकायला जेवढा भारी वाटतो, तेवढा हाताला लागत नाही.

मग हे सगळं टाकून द्यायचं का? माझं उत्तर आहे, नाही. फक्त गजर झाल्यावर आपण काय करतो, ते बदलायला हवं. चोवीस खोट्या गजरांमागे एक खरा असेल, तर गजराला दिलेलं उत्तर इतकं स्वस्त आणि सौम्य हवं की ते चोवीस वेळा फुकट गेलं तरी कुणाचं काही बिघडू नये.

दोन उत्तरं: प्राग आणि ग्लासगो

चेक प्रजासत्ताकात, प्रागमध्ये, डॉ. फिलिप श्पानिएल यांच्या गटानं स्मार्टफोन घरोघरी पोचण्याच्या आधीच एसेमेसवर चालणारी एक पद्धत उभी केली होती. इटारेप्स तिचं नाव. दर आठवड्याला पेशंटला आणि घरातल्या एका माणसाला दहा प्रश्नांची यादी. उत्तरं आकड्यांत, साध्या मेसेजनं पाठवायची. बेरीज ठरलेल्या रेषेपलीकडे गेली की डॉक्टरला सूचना, आणि डॉक्टरनं चोवीस तासांत औषधाचा डोस वीस टक्क्यांनी वाढवायचा. आखणी अगदी चोख. २०१२ साली तिची कडक चाचणी छापून आली. सगळ्या पेशंटना धरून पाहिलं, तर ही पद्धत लागू केलेल्या आणि न केलेल्या गटांत म्हणावा असा फरक नव्हता. कारण शोधलं तेव्हा दिसलं, की सूचना येऊनही डॉक्टर बहुतेक वेळा डोस वाढवतच नव्हते.

हे वाचून अनेकांनी डॉक्टरांच्या आळसाला बोल लावला असेल. मला तसं वाटत नाही. ज्याला या औषधांनी वजन वाढलेलं, हात थरथरणारे, दिवसभर पेंगणारे पेशंट रोज दिसतात, तो डॉक्टर एका एसेमेसवर डोस वाढवायला कचरणारच. समोर माणूस नाही, आकडा आहे, आणि असे आकडे बऱ्याचदा खोटे ठरतात हे त्याला अनुभवानं ठाऊक आहे. गजराला जोडलेलं उत्तर महाग होतं, म्हणून ते दिलंच गेलं नाही.

दुसरं उत्तर ग्लासगो आणि मेलबर्न या दोन शहरांतलं. ग्लासगो विद्यापीठाचे अँड्र्यू गमली यांच्या नेतृत्वाखाली 'एम्पॉवर' नावाची एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ साली 'लॅन्सेट सायकायट्री' या वैद्यकीय शोधपत्रिकेत आले. ७३ लोक, त्यातल्या ४२ जणांना ॲप, ३१ जणांना नेहमीचे उपचार. ज्यांच्याकडे चालण्याजोगा फोन नव्हता त्यांना तो दिला. ॲप रोज काही प्रश्न विचारायचं. त्यात त्या माणसाची स्वतःची खास पूर्वलक्षणं घातलेली असायची. इथंही तुलना ज्याची त्याच्याशीच. उत्तरं नेहमीपेक्षा हलली, तर टीममधलं कुणीतरी आधी ती बघायचं आणि मग विचारपूस करायचं. याच्या जोडीला एक वेगळं माणूस होतं. स्वतः मानसिक आजारातून गेलेला एक सोबती ठरावीक दिवसांनी फोन करायचा आणि ॲपमध्ये दिसलेल्या चढउतारांवर गप्पा मारायचा. या आठवड्यात झोप बिघडलेली दिसतेय, काय झालं? घर बदललं का? भावाशी भांडण?

ही चाचणी लहान होती आणि अशी व्यवस्था चालवता येते का, एवढंच बघण्यासाठी होती. आजार उलटण्याचं प्रमाण घटलं असा दावा त्यातून करता येत नाही आणि त्यांनी तो केलाही नाही. पण एक गोष्ट नोंदली गेली. ज्यांच्याकडे ॲप होतं, त्यांच्या मनातली आजार परत येण्याची भीती वर्षाअखेरीला दुसऱ्या गटापेक्षा कमी होती.

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना या ओळीचं वजन कळेल. ही भीती फार विचित्र काम करते. एक रात्र झोप लागली नाही की माणूस घाबरतो, घाबरला की आणखी झोप उडते. घरच्यांना सांगावं तर ते लगेच डॉक्टरकडे नेतील, डॉक्टर इंजेक्शन देतील, कदाचित ॲडमिट करतील. मग तो सांगतच नाही. "बरा आहे" म्हणतो, चेहरा सरळ ठेवतो. घरचेही घाबरलेले असतात. तो जरा जोरात हसला तरी आई स्वयंपाकघरातून डोकावते, वडील गोळ्या मोजतात. दोन्हीकडून लपवाछपवी सुरू होते आणि बोलता येण्याजोगा नेमका तोच महिना निघून जातो. ॲपनं आणि त्या सोबत्यानं मिळून या भीतीला बसायला एक जागा दिली. वाईट झोपेचा आठवडा आला, नोंदला गेला, कुणाशी तरी बोलून झाला, आणि बहुतेक वेळा त्यापुढं काहीच झालं नाही. खोटा गजर इथं फुकट जात नव्हता. वाईट आठवडा म्हणजे आजार नव्हे, हे त्या माणसाला प्रत्येक खोट्या गजरातून पुन्हा कळत होतं.

म्हणून तीन शहरांच्या प्रकरणाकडे परत येताना मी २.१२ या आकड्यापाशी फार रेंगाळत नाही. मला विचारावंसं वाटतं ते हे: भोपाळमध्ये गजर खरोखर वाजवला असता, तर फोन कुणी केला असता?

फोन कुणाचा, निरोप कुणाला

भारतात दर लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पुरता भरत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत एका पेशंटला मिळणारी मिनिटं हाताच्या बोटांवर मोजता येतात. अशा डॉक्टरच्या पडद्यावर रोज बारा विसंगती झळकल्या, तर तिसऱ्या दिवशी तो आवाज बंद करून ठेवेल. चेक डॉक्टरांनी जे केलं ते इथं आणखी लवकर होईल.

पण आपल्याकडे दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती साताऱ्यात आणि गोव्यात तपासून पाहिलेली आहे. 'कोप्सी' नावाच्या चाचणीत सातारा, गोवा आणि तमिळनाडूतलं कांचीपुरम इथं स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ जणांना घेतलं होतं. डॉ. सुदीप्तो चॅटर्जी आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. संगत त्यातही होती. एका गटाला दवाखान्यातले नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटाला ते उपचार आणि शिवाय प्रशिक्षण दिलेले गावपातळीवरचे कार्यकर्ते, जे घरी यायचे, गोळ्यांबद्दल बोलायचे, कामधंद्याला लागायला मदत करायचे, घरच्यांचं ऐकून घ्यायचे. वर्षाअखेरीला या गटाची लक्षणं आणि रोजच्या जगण्यातली अडचण थोडी कमी होती. थोडीच. चमत्कार नव्हता. पण हा कार्यकर्ता डॉक्टर नव्हता, आणि गजराला स्वस्त उत्तर देऊ शकणारा माणूस असाच असायला हवा. "काल रात्री जागा होतास का रे?" एवढं विचारायला एमडी लागत नाही. रात्रपाळीची वीज आली होती, हे तर तो न विचारताच ओळखेल.

तीन शहरांचं ॲप आणि साताऱ्याची ती घरभेट एकत्र कुणी बांधली, तर मला त्यात खरा रस आहे. फोन सांगेल, आज कुणाकडे जावं. काय झालंय ते कार्यकर्ता बघेल.

त्याआधी एक गाठ मात्र सोडवावी लागेल. आपल्याकडे फोन बऱ्याचदा एकट्याचा नसतो. दिवसा धाकटी बहीण त्यावर ऑनलाइन अभ्यास करते, संध्याकाळी आई मावशीला व्हिडिओ कॉल लावते, पासवर्ड सगळ्या घराला पाठ असतो. पडदा रात्री अकराला उजळला तो कुणामुळे, हे ॲपला कळत नाही. त्याहून कठीण प्रश्न निरोपाचा. पाश्चात्त्य आखणीत निरोप पेशंटला आणि त्याच्या टीमला जातो. इथं तो वडिलांना जावा, असं घरच्यांना वाटणारच, कारण धावपळ त्यांनाच करायची असते; औषधाचे पैसे तेच भरतात, रात्री दाराला कुलूपही तेच लावतात. आणि पेशंटला नेमकं तेच नको असेल. चोविशीतल्या मुलीच्या घरी रोज "ॲप काय म्हणतंय?" अशी विचारणा सुरू झाली, तर ते ॲप गोळ्यांच्या डबीपेक्षा वेगळं उरत नाही.

कायदा या बाबतीत बऱ्यापैकी स्पष्ट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं तेविसावं कलम पेशंटला गोपनीयतेचा हक्क देतं. त्याच कायद्याचं पाचवं कलम त्याला बरं असताना आधीच लिहून ठेवण्याची मुभा देतं, की आपण पुन्हा आजारी पडलो तर आपल्याला कसे उपचार हवेत आणि कसे नकोत. ही तरतूद फार कमी वापरली जाते. ॲपची संमती घेताना तीच पुढं करावी, असं मला वाटतं. गजर वाजला तर निरोप कुणाला द्यायचा, कुणाला मुळीच द्यायचा नाही, पहिलं पाऊल काय आणि ॲडमिट करायची वेळ आली तर कुठं, हे सगळं त्यानंच आधी सांगितलेलं असावं. एरवी संमतीपत्रावर 'मी सहमत आहे' या चौकटीवर बोट टेकवून घेतात, ती संमती कसली!

जो अजून आजारी नाही त्याच्या फोनमध्ये

इथवरची सगळी गोष्ट आजार एकदा होऊन गेलेल्या माणसांची. पण माइंडलॅम्प आता त्याच्याही आधीच्या पायरीवर पोचलं आहे. सायकोसिसचा मोठा धोका असलेल्या तरुणांचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास अमेरिकेच्या आरोग्य संशोधन संस्थेनं २०२० साली औषध कंपन्यांना सोबत घेऊन सुरू केला. त्यात रोजच्या नोंदींसाठी हेच ॲप वापरतात.

मोठा धोका कुणाला म्हणायचं, याची चौकट मेलबर्नमध्ये ॲलिसन युंग आणि पॅट्रिक मॅकगोरी यांनी १९९० च्या दशकात बांधली. सौम्य, पुसट, येऊन जाणारे अनुभव. कुणी नाव घेऊन हाक मारल्यासारखं वाटतं पण आपल्याला भास झाला हेही कळतं. लोक आपल्याबद्दल बोलतात अशी शंका येते पण ती सोडवता येते. अभ्यासात आणि मित्रांत घसरण दिसते. अशा तरुणांपैकी साधारण पाचातल्या किंवा चारातल्या एकाला पुढच्या दोन-तीन वर्षांत प्रत्यक्ष सायकोसिस होतो. म्हणजे बहुतेकांना होत नाही. कुणाचं नैराश्य निघतं, कुणाची चिंता, कुणाचं गांजा सोडल्यावर निवळतं.

इथं खोट्या गजराची किंमत एकदम वाढते. आधीच्या माणसाला आपला आजार ठाऊक होता. त्याच्या गजराचा अर्थ होता, जरा जपून. एकोणीस वर्षांच्या, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या, होस्टेलवर राहणाऱ्या मुलाला गजर काय सांगणार? तुला कदाचित स्किझोफ्रेनिया होईल, कदाचित होणार नाही? घरी कळलं तर पुढं लग्नापर्यंत जाणारी कुजबुज सुरू होते. एखादा काका बाहेरचं काही आहे का बघून येऊ म्हणतो. म्हणून या वयात गजर आजाराच्या नावानं वाजूच नये, असं माझं मत आहे. झोप, अभ्यास, एकटेपणा, नशा, या नावांनी वाजावा. कारण मदत त्याच बाबतीत करता येते, आणि ती ज्याला सायकोसिस होणार नाही त्यालाही लागतेच.

ॲप नसलेल्यानं काय करावं, हा प्रश्न बाकावरचे आईवडील विचारतीलच. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे; फुकट आहे, मराठीतही बोलता येतं, आणि नातेवाईकही फोन करू शकतात. दुसरी गोष्ट बर्चवूडच्या काळातलीच आहे आणि तिला चार्जिंग लागत नाही. आजार शांत असताना, एखाद्या रविवारी, चहाला बसून मागच्या वेळचा तो महिना दोघांनी मिळून आठवायचा. पेशंटनं त्याच्या आठवणी सांगायच्या, घरच्यांनी त्यांच्या. त्यातली सगळ्यांत आधी आलेली तीन लक्षणं एका पानावर लिहायची. खाली लिहायचं, ती दिसली तर पहिला फोन कुणाला आणि पहिल्या दोन दिवसांत काय करायचं. गोळी वाढवायची असेल तर तेही डॉक्टरला आधीच विचारून ठेवायचं. ते पान फ्रिजवर लावायचं की कपाटाच्या आतल्या बाजूला, हे मात्र ज्याचा आजार आहे त्यानंच ठरवावं.